हिमनदीच्या पोटातलं पाणी: बर्फ कधी धावतो, कधी थबकतो

17 जुलै 2016. पश्चिम तिबेटमध्ये आरू सरोवराजवळच्या डोंगरावरून एका हिमनदीचा अख्खा खालचा भाग सुटला. काही मिनिटांत सुमारे 6 कोटी 80 लाख घनमीटर बर्फ दरीबाहेर येऊन पसरला. कुरणातली 9 माणसं आणि शेकडो जनावरं त्याखाली गाडली गेली. उभ्या कड्याला लटकलेला बर्फ कधीतरी कोसळतो हे जगाला माहीत होतं. पण ही हिमनदी बऱ्यापैकी सौम्य उतारावर पहुडलेली होती. अशा उतारावरून ती पळत सुटेल हे फार थोड्यांच्या मनात आलं असेल. दोन महिन्यांनी, 21 सप्टेंबरला, तिची शेजारीणही तशीच सुटली.

अशा घटना घडल्या की बातम्यांत "हिमनदी फुटली", "हिमकडा कोसळला" असे शब्द येतात आणि त्यापाठोपाठ "हिमनद्या वेगाने वितळत आहेत" हे वाक्य येतं. वितळतात हे खरंच आहे. पण मधला एक दुवा नेहमी सुटतो. वितळलेलं पाणी जातं कुठे? आपण धरून चालतो की ते ओघळून नदीला मिळतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं पाणी आधी बर्फाच्या पोटात उतरतं, मग बर्फ आणि खडक यांच्या मधल्या अंधाऱ्या जागेत शिरतं. वरचं शेकडो मीटर जाडीचं ओझं हलणार की नाही, हे त्या जागेत ठरतं. आरूच्या गोष्टीकडे मी शेवटाकडे परत येईन. तिथे काय घडलं हे कळायला आधी थोडी पायाभरणी हवी.

बर्फ वाहतो म्हणजे काय होतं?

घट्ट डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर तो फुटतो. तोच गोळा उतारावर महिनोन् महिने ठेवला तर हळूहळू पसरत जातो. बर्फाचंही असंच आहे. झटका दिला तर तो तडकतो, सतत भार दिला तर वाकतो आणि वाहतो. भार वाढला की हा वेग भलताच वाढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी 1950च्या दशकात प्रयोग करून दाखवलं, की बर्फावरचा ताण दुप्पट केला तर त्याच्या वाकण्याचा वेग साधारण आठपट होतो. म्हणूनच जाड हिमनदी पातळ हिमनदीपेक्षा कितीतरी चपळ असते.

ही झाली पहिली चाल. ती बर्फाच्या अंगातच आहे. तळाचा बर्फ खडकाला गोठून चिकटलेला असला तरी वरचे थर असे पुढे सरकतात, वर्षाला काही मीटर वगैरे.

दुसरी चाल म्हणजे घसरणं: सगळा बर्फ खडकावरून सरकतो. तिसरी चाल दुसरीची बहीण म्हणावी अशी. पुष्कळ हिमनद्यांखाली कोरा खडक नसतो, तर दगडगोटे, वाळू आणि बारीक माती यांचा रेंदा असतो. तो पाण्याने भिजून मऊ झाला की स्वतःच घसरू लागतो आणि वरचा बर्फ त्याच्यावर स्वार होऊन जातो. या दोन्ही चालींना तळाशी पाणी लागतं. हिमनदी जेव्हा दिवसाला सेंटीमीटर सोडून मीटरमध्ये चालू लागते, तेव्हा त्यामागे बहुधा यांपैकी एक चाल असते.

एवढ्या थंडीत खाली पाणी येतं कुठून?

ही पहिली रास्त शंका. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक तळावर 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. तिथेच खाली, जवळपास 4 किलोमीटर बर्फाच्या तळाशी, सुमारे 250 किलोमीटर लांबीचा तलाव आहे. पातळ, वाहतं पाणी. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली असे सहाशेहून जास्त तलाव आता माहीत आहेत.

याचं उत्तर गोधडीत आहे. जाड गोधडी बाहेरची थंडी आत येऊ देत नाही आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीच्या पोटातून सतत थोडी थोडी उष्णता वर येत असते. उघड्या जमिनीवर ती हवेत विरून जाते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. तिच्यावर बर्फाची किलोमीटरभर जाड गोधडी पडली की ती तळाशी अडकते. एवढ्या उष्णतेने वर्षाला साधारण 6 मिलिमीटर बर्फ वितळू शकतो. आकडा किरकोळ वाटेल, पण लाखो चौरस किलोमीटरवर आणि हजारो वर्षं धरला तर तो किरकोळ राहत नाही. बर्फ घसरत असेल तर घर्षणाची उष्णता त्यात वेगळी.

इथे शाळेपासून डोक्यात बसलेला एक समज तपासून घेऊ. "वरच्या वजनाने खालचा बर्फ वितळतो" हे अर्धसत्य आहे. दाबामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरं, पण थोडाच: किलोमीटरभर बर्फाखाली एक अंशाहूनही कमी, आणि 4 किलोमीटरखाली अडीच-तीन अंश. दाब वितळणं सोपं करतो, मात्र वितळायला लागणारी उष्णता कुठून तरी यावीच लागते.

डोंगरांतल्या हिमनद्यांमध्ये आणि ग्रीनलंडच्या कडेकडेच्या भागात मात्र तळाशी तयार होणारं पाणी नगण्य ठरतं. तिथे खरा पुरवठा वरून होतो. उन्हाळ्यात पृष्ठभाग वितळतो, निळे ओढे वाहू लागतात, आणि ते एखाद्या भेगेत किंवा उभ्या विहिरीसारख्या भोकात गडप होतात. या भोकांना फ्रेंचमध्ये गिरणीचा शब्द आहे, मूलँ, कारण पाणी त्यांत घुमत, गरगरत, घरघर आवाज करत उतरतं. आपण त्यांना जलविवर म्हणू.

'वंगण' हा शब्द अर्धाच खरा

पाण्यामुळे बर्फ सरकतो, हे सांगताना हटकून वंगणाची उपमा दिली जाते. जणू तेलाचा पातळ थर दिला की झालं. मला ही उपमा चुकीच्या दिशेला नेणारी वाटते, कारण ती खरी गोष्ट झाकते. महत्त्वाचं काम पाण्याच्या ओलेपणापेक्षा त्याचा दाब करतो.

गरम पाण्याने धुतलेला काचेचा पेला ओल्या, गुळगुळीत ओट्यावर उपडा ठेवा. पुष्कळदा तो आपणहून सरकू लागतो. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि पेल्याला किंचित उचलून धरते. कडेखालची पाण्याची पातळ पट्टी तिला बाहेर निसटू देत नाही. पेल्याचं वजन तेवढंच असतं, पण ते ओट्यावर पूर्ण टेकलेलं नसतं. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाणारी गाडी ताब्यातून सुटते त्याचंही कारण हेच. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी गाडीचा भार स्वतःच्या अंगावर घेतं आणि रस्त्याची पकड जाते.

आता हेच बर्फाला लावून बघा. 1 किलोमीटर जाडीचा बर्फ तळाच्या दर चौरस सेंटीमीटरवर 90 किलोहून जास्त भार टाकतो. तळाशी कोंडलेलं पाणी उलट वर रेटतं. या दोन्हींच्या वजाबाकीतून जे उरतं तेवढाच भार खडकाला जाणवतो. त्याला आपण निव्वळ भार म्हणू. हा एकच शब्द लेखभर लागणार आहे. निव्वळ भार जितका कमी, तितकी खडकाची पकड सैल. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे, एखाद्या भोकात पाण्याची पातळी बर्फाच्या जाडीच्या नऊ-दशांशांपर्यंत चढली की तिथला निव्वळ भार शून्यावर येतो. म्हणजे हिमनदी त्या जागी अक्षरशः तरंगते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. गरम पाण्याच्या झोताने हिमनदीत तळापर्यंत भोक पाडलं की त्यात पाणी किती वर चढतं यावरून तळाचा दाब थेट मोजता येतो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आल्मुट इकेन आणि रॉबर्ट बिंडशाडलर यांनी स्वित्झर्लंडमधल्या फिंडेलेन हिमनदीवर असं मोजमाप केलं. भोकांतली पातळी चढली की हिमनदीचा वेग वाढे, उतरली की वेगही उतरे. त्याच सुमारास स्विस हिमनद्यांवर हेही दिसलं, की वसंतात पहिलं मोठं पाणी खाली शिरताना सगळा बर्फ कित्येक सेंटीमीटर वर उचलला जातो. शेकडो मीटर जाडीच्या बर्फाला पाण्याने उचलून धरणं, हे डोळ्यांपुढे आणून पाहावं असं आहे.

तळ सपाट नसतो, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. खडकाला उंचवटे असतात आणि बर्फ त्यांना दोन युक्त्यांनी ओलांडतो. लहान उंचवट्याच्या पुढच्या अंगाला दाबाने थोडा बर्फ वितळतो, पाणी वळसा घालून मागे जातं आणि पुन्हा गोठतं. दोन्ही टोकांना वजनं बांधलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते आणि लादी मात्र अखंड राहते, तो प्रयोग हाच. मोठ्या उंचवट्याला बर्फ वाकून वळसा घालतो, आणि त्याच्या पाठीमागे एक पोकळी राहते. पाण्याचा दाब वाढला की या पोकळ्या रुंदावतात आणि बर्फ खडकाला कमी ठिकाणी टेकतो. नॉर्वेत एंगाब्रेन हिमनदीखाली, सुमारे 200 मीटर बर्फाच्या तळाशी, जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यांतून पोहोचता येईल अशी प्रयोगशाळा आहे. शास्त्रज्ञ तिथे जाऊन बर्फ आणि खडक जिथे भेटतात ती जागा हाताने चाचपतात.

गल्ल्या आणि हमरस्ते

या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

तळाशी पाणी दोन तऱ्हांनी वाहतं. पहिली तऱ्हा गल्लीबोळांची. त्या पोकळ्या एकमेकींना अरुंद फटींनी जोडलेल्या असतात. पाणी या फटीतून त्या पोकळीत, तिथून पुढच्या फटीत, असं रखडत जातं. जुन्या गावठाणात गर्दी झाली की काय होतं? कुणालाच पुढे जाता येत नाही आणि सगळीकडे रेटारेटी होते. तसंच तळाशी दाब चढतो, निव्वळ भार घटतो, आणि हिमनदी वेग घेते.

दुसरी तऱ्हा हमरस्त्यांची. वाहतं पाणी घर्षणाने किंचित तापतं आणि आजूबाजूचा बर्फ वितळवतं, त्यातून बर्फात बोगदा खोदला जातो. बर्फाचं वजन तो बोगदा सतत मिटवू पाहतं. पाणी पोखरतं, बर्फ दाबतो, ही झुंज अखंड चालू असते. 1972 साली स्विस शास्त्रज्ञ हान्स रोथलिसबर्गर यांनी या झुंजीचं गणित मांडलं, आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. अशा बोगद्यात प्रवाह जितका मोठा, तितका आतला दाब कमी.

आपल्या नेहमीच्या समजुतीला हे उलटं वाटतं. नळात जास्त पाणी सोडायचं तर जास्त दाब लागतो, असाच आपला अनुभव. पण नळाची नळी स्वतःहून रुंद होत नाही, हा बोगदा होतो. पाणी वाढलं की तो मोठा होतो, मोठा झाला की पाणी सुरळीत वाहतं, आणि सुरळीत वाहिलं की दाब उतरतो. दाब उतरलेला बोगदा मग आजूबाजूच्या गल्ल्यांतलं तुंबलेलं पाणीही आपल्याकडे ओढून घेतो. असे मोजके मोठे बोगदे तयार झाले की सगळ्या तळाचा निचरा होतो आणि बर्फ पुन्हा खडकावर नीट टेकतो.

म्हणजे प्रश्न पाणी किती आहे एवढाच नाही. त्याला वाट मिळाली आहे का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

हे कळलं की हिमनदीचं वर्षभराचं वागणं उलगडतं. हिवाळ्यात पाणी आटतं आणि बोगदे मिटून जातात. जाड बर्फाखाली याला काही दिवस-आठवडे पुरतात. वसंतात पहिलं पाणी उतरतं तेव्हा खाली फक्त गल्ल्या असतात. पाणी तुंबतं, दाब चढतो, हिमनदी जोरात निघते. उन्हाळा सरकत जातो तसे हमरस्ते खोदले जातात, आणि ऐन वितळणीत, सर्वांत जास्त पाणी असताना, हिमनदी संथ होऊ लागते. एका दिवसातही हीच गोष्ट लहान प्रमाणात घडते: दुपारी वितळलेलं पाणी खाली पोहोचलं की वेग चढतो, रात्री उतरतो. बोगद्याला रुंद व्हायला वेळ लागतो, पाण्याला वाढायला लागत नाही. म्हणून एकदम आलेला लोंढा, मग तो जोरदार पावसाचा असो वा एखादा तलाव फुटल्याचा, सतत येणाऱ्या पाण्यापेक्षा हिमनदीला जास्त ढकलतो. ख्रिश्चन शूफ यांनी 2010 मध्ये गणिताने हेच मांडलं: वेग वाढवण्यात पाण्याच्या सरासरीपेक्षा त्याच्या चढउतारांचा वाटा मोठा.

ग्रीनलंडमधला दीड तास

जुलै 2006. ग्रीनलंडच्या पश्चिम भागात बर्फावर साडेपाच चौरस किलोमीटरचा निळा तलाव भरला होता. खाली जवळपास 1 किलोमीटर बर्फ. संशोधकांनी आधीच तिथे उपकरणं लावून ठेवली होती, म्हणून पुढे काय झालं त्याची नोंद झाली. तलावाच्या तळाला भेग पडली आणि सुमारे 4 कोटी 40 लाख घनमीटर पाणी दीड तासाच्या आसपास खाली उतरलं. त्या वेळचा प्रवाह नायगाराच्या सरासरी प्रवाहाहून मोठा होता. आजूबाजूचा बर्फ 1 मीटरहून जास्त वर उचलला गेला, कडेला सरकला आणि मग हळूहळू खाली बसला.

किलोमीटरभर घट्ट बर्फाला भेग आरपार कशी गेली? कोरडी भेग फार खोल जाऊ शकत नाही, बर्फाचा भारच तिला मिटवतो. पण भेगेत पाणी भरलं की हिशेब बदलतो. पाणी बर्फापेक्षा जड, त्यामुळे भेगेच्या टोकाशी पाण्याचा रेटा बर्फाच्या मिटवणाऱ्या भारापेक्षा जास्त पडतो. लाकडात पाचर ठोकावी तसं होतं, फक्त इथे पाचर स्वतःच्या वजनाने ठोकली जाते. वरून पाणी पुरत राहिलं तर ती तळ गाठल्याशिवाय थांबत नाही.

मग पाणी वाढलं की ग्रीनलंड समुद्रात घसरणार का?

2002 साली नेमकी ही धास्ती पसरली होती. जे झ्वाली आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंडमधल्या स्विस कॅम्प या ठिकाणच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हिवाळ्यात दिवसाला 31 सेंटीमीटरच्या आसपास सरकणारा बर्फ 1998च्या उन्हाळ्यात 40 सेंटीमीटरपर्यंत पोहोचला होता. तर्क सरळ होता: ऊन वाढेल, पाणी वाढेल, बर्फ जोरात घसरेल, खालच्या उबदार भागात येऊन आणखी वितळेल, आणि हे चक्र वेग घेत जाईल. सगळं ग्रीनलंड वितळलं तर जगभरचे समुद्र 7 मीटरहून जास्त चढतील, त्यामुळे काळजी अनाठायी नव्हती.

पुढच्या मोजणीने चित्र बदललं. नैर्ऋत्य ग्रीनलंडच्या ज्या भागात बर्फ जमिनीवरच संपतो, तिथे 1985–94 आणि 2007–14 या दोन काळांची तुलना झाली. वितळणारं पाणी जवळपास 50 टक्क्यांनी वाढलं होतं, आणि बर्फाचा वेग 12 टक्क्यांनी कमी झाला होता. जास्त पाण्याने जास्त मोठे हमरस्ते खोदले, त्यांनी गल्ल्यांतलंही पाणी ओढून घेतलं, आणि हिवाळा सुरू होताना तळ पूर्वीपेक्षा कोरडा राहिला.

म्हणून निश्चिंत व्हावं का? नाही, आणि याची कारणं ठोस आहेत. हा दिलासा कडेकडेच्या, तुलनेने पातळ बर्फापुरता आहे. वितळण वर सरकत आतल्या उंच भागात पोहोचली, तर तिथे बर्फ इतका जाड आणि उतार इतका कमी, की हमरस्ते नीट खोदलेच जात नाहीत. दुसरं असं, की ज्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात त्यांचं गणित निराळं. याकोब्सहाव्न हिमनदी 2012च्या उन्हाळ्यात दिवसाला 46 मीटरपर्यंत धावली, पण तिला मोकळं केलं ते मुख्यतः उबदार समुद्राने तिचं तोंड पोखरल्यामुळे. तिथेही बर्फाखालचं पाणी गप्प नसतं. गोडं आणि हलकं असल्याने ते समुद्राच्या तळाशी बाहेर पडून वर उसळतं, सोबत खालचं उबदार खारं पाणी ओढून घेतं आणि हिमनदीचं तोंड आणखी वितळवतं.

हिमालयासह मध्य आशियातल्या डोंगरांकडे पाहिलं तर 2000 ते 2017 या काळातली उपग्रहचित्रं सांगतात की बहुतेक भागांतल्या हिमनद्या संथ झाल्या आहेत. त्याचं मुख्य कारण तळाच्या पाण्यातही नाही, ते ग्लेन यांच्या प्रयोगात आहे: बर्फ पातळ झाला, भार घटला, चाल मंदावली. संथ हिमनदी म्हणजे सुखरूप हिमनदी, असं समजू नये. तिच्याकडे वाहायला पुरेसा बर्फच उरलेला नाही.

पाणी अडलं तर

काही हिमनद्या वर्षानुवर्षं संथ असतात आणि मग अचानक दहापट, शंभरपट वेगाने धावतात. जगातल्या हिमनद्यांपैकी साधारण शंभरात एक अशी. अलास्का, स्वालबार्ड आणि काराकोरममध्ये त्या जास्त आढळतात. याला उसळी म्हणू.

अलास्कातल्या व्हेरिगेटेड हिमनदीची 1982–83ची उसळी बार्कले काम्ब आणि त्यांच्या गटाने जवळून टिपली. ऐन भरात ती दिवसाला 65 मीटरपर्यंत धावली. तळाच्या पाण्याचा दाब बर्फाच्या पूर्ण भाराच्या अगदी जवळ होता. त्यांनी वर पाण्यात रंग सोडून तो खाली कधी येतो ते पाहिलं. उसळी चालू असताना रंग फार उशिरा आणि विखुरलेला आला, म्हणजे पाणी गल्ल्यांत अडकलं होतं. 1983च्या जुलैच्या सुरुवातीला हिमनदीच्या तोंडातून मोठा पूर आला आणि उसळी थांबली. त्यानंतर सोडलेला रंग काही तासांत बाहेर पडला. तुंबलेलं पाणी वाट फोडून निघून गेलं आणि हिमनदी जागच्या जागी बसली.

आता आरू. तिथल्या हिमनद्यांची टोकं आणि कडा खडकाला गोठून चिकटलेल्या होत्या, आतला तळ मात्र ओला होता. आधीच्या वर्षांत हिमवृष्टी वाढून बर्फाचं ओझं वाढलं होतं, आणि वितळलेलं पाणी व पाऊस आत शिरत होता. बाहेर पडायच्या वाटेवर गोठलेली टोकं बांधासारखी उभी होती. खाली खडक नव्हता, बारीक मातीचा रेंदा होता. भिजून दाब चढला की अशा मातीचा जोर जातो. सगळं ओझं मग त्या गोठलेल्या कडांवर आलं, आणि त्यांनी दगा दिल्यावर थोपवणारं काहीच उरलं नाही.

पाणी निघून गेलं तर

अंटार्क्टिकात उलट अनुभवही आहे. तिथल्या काम्ब हिमप्रवाहाने (हिमप्रवाह म्हणजे बर्फाच्या विशाल थरातला नदीसारखा वेगाने सरकणारा पट्टा) दीडएकशे वर्षांपूर्वी चालणं थांबवलं. सर्वांत पटणारा खुलासा असा, की त्याच्या तळाचं पाणी दुसरीकडे वळलं, रेंदा घट्ट झाला आणि तळ गोठू लागला. शेजारचा व्हिलन्स हिमप्रवाह अजून चालतो, पण झटक्यांनी. भरती-ओहोटीच्या तालावर दिवसातून साधारण दोनदा, अर्ध्या तासात जवळपास अर्धा मीटर सरकतो आणि पुन्हा थबकतो. तळाचे तलावही स्थिर नाहीत. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात पूर्व अंटार्क्टिकातल्या एका तलावातून 16 महिन्यांत 1.8 घनकिलोमीटर पाणी 290 किलोमीटर दूरच्या तलावांकडे गेलं. वरचा बर्फ सुमारे 3 मीटर खचला, तो उपग्रहाने टिपला तेव्हा हे कळलं. आणखी एका जागी, बर्ड हिमनदीच्या वरच्या अंगाचे दोन तलाव रिकामे होत असताना तिचा वेग 10 टक्क्यांनी वाढलेला आढळला.

बर्फाच्या अंगात मुरलेलं पाणी

सगळंच पाणी तळ गाठत नाही. काही भेगांत अडकून पुन्हा गोठतं, आणि गोठताना उष्णता सोडतं. 1 किलो पाणी गोठलं की सुटणारी उष्णता 160 किलो बर्फाला 1 अंशाने तापवते. अशा रीतीने पाणी, गोठून गेल्यावरही, हिमनदीला आतून ऊब देतं, आणि उबदार बर्फ थंड बर्फापेक्षा सहज वाकतो. वितळणबिंदूला पोहोचलेल्या बर्फात तर कणांच्या मधून पाण्याच्या सूक्ष्म शिरा असतात, त्याने तो आणखी मऊ होतो. पोटात अडकलेल्या पाण्याचे मोठे साठेही असतात, आणि ते फार घातक ठरू शकतात.

प्रत्येक दुर्घटनेमागे हेच कारण असतं का?

नाही. 7 फेब्रुवारी 2021 रोजी चमोलीत जे झालं त्याला "हिमनदी फुटली" म्हटलं गेलं, पण तिथे डोंगराचा खडक आणि त्यावरचा बर्फ मिळून सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटरचा तुकडा निखळला होता, आणि त्यातही बहुतांश खडकच होता. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीमला तिस्तेला आलेला पूर दक्षिण ल्होनाक या, हिमनदीच्या तोंडाशी साचलेल्या उघड्या तलावात कडेचा उतार कोसळल्यामुळे आला. तीन घटना, तीन निराळी कारणं. हा फरक मी आग्रहाने मांडतो, कारण कशावर नजर ठेवायची हे त्यावरून ठरतं. उघडा तलाव उपग्रहाला दिसतो. बर्फाच्या पोटातलं पाणी दिसत नाही.

ते शोधता मात्र येतं. फ्रान्समध्ये मों ब्लां पर्वताच्या कुशीतली तेत रूस ही हिमनदी अगदी लहान आहे. 12 जुलै 1892च्या रात्री तिच्या पोटातला पाण्याचा साठा फुटला आणि खालच्या सेन्-जेर्व्हे भागात 175 माणसं मेली. त्यानंतर निचऱ्यासाठी बोगदा खोदला गेला. शंभरेक वर्षांनी प्रश्न आला, की आता या बोगद्याची देखभाल करायची गरज आहे का? उत्तर शोधायला हिमनदीची रडारने आणि चुंबकीय तंत्राने तपासणी झाली. पोटात पुन्हा हजारो घनमीटर पाणी साचलेलं निघालं, पुढचं टोक खडकाला गोठलेलं आणि वाट बंद. 2010च्या शरदाच्या तोंडावर बर्फाला भोकं पाडून पंप लावले गेले आणि सुमारे 48,000 घनमीटर पाणी उपसून काढलं. पोकळी पुन्हा भरत होती, म्हणून 2011 आणि 2012 मध्येही पंप वर न्यावे लागले.